नवी नाव आणि घरची खेप

आबा, मी नवी नाव आणली. तुमची लाकडाची नाव घाटावर पालथी घातलीय आणि आज सकाळपासून नवीही तिच्याशेजारी नुसती बांधून ठेवलीय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही, पण आज बायको बोलत नाही, लेक तोंड दाखवत नाही आणि घाटावर जायची माझी हिंमत नाही. राहता राहिलात तुम्ही.

तुमची नाव म्हणजे गाभण म्हैस होती. हलायची सावकाश, पण बसायची ठाम. उन्हाळ्यात भीमेचं पाणी उतरलं की तुम्ही ती उलटी करून फटीत कापूस आणि डांबर ठासायचात, तरी पावसाळ्यात पाणी झिरपायचंच आणि माणसं पाय वर घेऊन बसायची. तळाला तुम्ही दगड भरले होते. सतरा-अठरा वर्षांचा असताना मी एकदा ते काढून टाकले, शीड भरलं की नाव पळावी म्हणून. दुपारी पश्चिमेचा वारा आला आणि भर पाण्यात नाव अशी कलली की मी शीडाची दोरीच सोडून दिली. कसाबसा काठाला लागलो. तुम्ही उभेच होता. मारलं नाहीत. घाटभर ऐकू जाईल असं म्हणालात, "नाव हलकी क्येलीस व्हय? आता डोकंबी काढून ठिव, आनखी हलकी व्हईल." माणसं हसली. तुम्ही नाही हसलात.

नवी नाव फायबरची आहे. पांढरीशुभ्र, आत टिपूस पाणी येत नाही. शीड नायलॉनचं, दोरी ओढली की एका हातानं वर जातं. सकाळी पोरांना वल्ह्यांवर प्रवाहाच्या वरच्या अंगाला न्यायचं आणि संध्याकाळी शीड लावून परत आणायचं, हे काम ती तुमच्या नावेच्या निम्म्या वेळात करते. पोरांच्या आयांनीच माझ्या मागं धोशा लावला होता. पलीकडं दौंडच्या बाजूला हायस्कूल, पुलावरनं एस.टी.नं जायचं तर दीड तासाचा वळसा, आणि जुन्या नावेत दप्तरं भिजायची. घेतली. पण आबा, ती पाण्यात बसत नाही, पाण्यावर राहते. मी एकट्यानं चालवून पाहिली. एका बाजूला सरकलो तर कड पाण्याला टेकायला आली. बनवणारा म्हणाला, "आत हवेचे कप्पे हायत, बुडत न्हाई, दगडबिगड टाकू नका, फुटंल." नाव बुडणार नाही, मान्य. पण नाव उलटल्यावर खालच्या पोरांचं काय, हे मी त्याला विचारलं नाही.

तुमचा नेम मला पाठ आहे. नाव नवी असो नाहीतर नुसती डागडुजी केलेली, पहिली खेप घरच्यांची. त्याआधी परक्या माणसानं पाय ठेवायचा नाही. आई सांगायची, मी दीड वर्षाचा होतो, वारा चांगला सुटला होता आणि तुम्ही तिला मला घेऊन मधे बसायला सांगितलंत. ती म्हणाली, "पोराला कशापायी? मी एकली बसती की." तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचं पोर घ्यायचंय तर आपलं घरी ठिवून कसं चालंल?" सगळा गाव काठावर उभा होता. तुम्ही शीड लावून वर गेलात, वळलात, परत आलात, आणि मग म्हणालात, "या आता."

नऊ दिवसांपूर्वी मी नारळ फोडला आणि पहिल्या खेपेला बायकोला बसवलं. लेकीला नाही. "तिला ताप हाय," म्हणालो. ती नववीत आहे, ताप नव्हताच; त्या दिवसापासून मी तिला शाळेला न धाडता घरातच बसवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून लोकांची बारा पोरं मी रोज नेली-आणली. दर संध्याकाळी वारा आला की नाव एका अंगावर जायची, पोरं आनंदानं ओरडायची आणि मी झटकन दोरी सैल सोडायचो. शेजारच्या वहिनींची दोन्ही पोरं नावेत असतात. त्यांनी लेकीसाठी गवती चहा-आल्याचा काढा पाठवला. तो पिताना लेकीनं मला विचारलं, "दादा, माझा ताप कवा उतरायचा?"

आज सकाळी ती दप्तर घेऊन घाटावर आली आणि सरळ नावेत जाऊन पोरांमधे बसली. मी तिला म्हणालो, "उतर." ती म्हणाली, "का?" मी पुन्हा म्हणालो. ती हलेना. मग मी नावेत उडी मारली, तिचा दंड धरला आणि ओरडलो, "उतर म्हणतोय ना! ह्या नावंत न्हाई बसायचं!"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसती हाक मारली, "उतरा रं दोघंबी." त्यांच्यामागं दुसरी बाई आली, मग तिसरी. एकेक करून बाराही पोरं उतरली. जाताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, आधी सांगायचं, आमच्या पोरांनाबी ताप आला आस्ता की." त्यानंतर घाटावर मी आणि माझी लेक उरलो, आणि ती रडत नव्हती.

आबा, मला शरम वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते नंतर. पोरं उतरत होती तेव्हा मी ती मोजत होतो आणि शेवटचं पोर काठावर चढल्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. हे वहिनींना जाऊन सांगायला पाहिजे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही ऐकून माझ्याकडं बघणार नाही.