वास आला नाही

१ जानेवारी, बुधवार
कारखान्याची नवी डायरी मिळाली. दर वर्षी माझी बायको मोहिनी डायरीची पानं फाडून फराळाच्या डब्यांत तळाला घालते. यंदा डायरी ट्रंकेत, किल्ली माझ्या करगोट्याला. कारण यंदा काम आहे.

काम असं. चिरंजीव ऋषी, वय २३, नारायणगावात सुदर्शनच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. आज सकाळी चहा घेताना त्याचा हात थरथरला. अर्धा चहा मांडीवर. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाला, थंडी लई आहे अण्णा. ओट्यावर चांगलं ऊन पडलेलं होतं.

मी तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर आहे, त्यातली अठरा सुपरवायझर. आत येणारा माणूस प्यालेला आहे का, हे मी चार गोष्टींवरून ओळखतो. पाय, डोळे, जीभ, हात. मग म्हणतो, फुंक मार. पोरं मागे मला फुंकणीसाहेब म्हणतात. आदरानेच.

संकल्प: महिनाभर शांतपणे पुरावे गोळा करायचे. ओरडायचं नाही.

२ जानेवारी
ओरडलो. संकल्प मोडला असं नाही, आवाज जरा मोठा होता इतकंच.

५ जानेवारी, रविवार
ऋषी आंघोळीहून येताना ओट्यावर गाठला. म्हटलं, फुंक मार. तो आधी हसला, मग मारली. वास आला नाही. पुन्हा मारायला लावली. तरी नाही.
म्हणजे वोडका. वोडकाला वास नसतो हे मला माहीत आहे, पण त्याला कसं माहीत?

८ जानेवारी
आईनं आज बडबड केली. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, नाव धोंडाबाई, ऐकू कमी, दिसतं सगळं. ऋषी दोन्ही हातांनी कप धरत होता. त्याच्याकडे बघून म्हणाली, संप्याबी असाच धरायचा.

संपत म्हणजे माझा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षांचा असताना गेला. त्याला गेटवर मीच चिकटवला होता. वर्षभरात त्याची चाल बिघडली, जीभ जड झाली. एक दिवस मी स्वतः, सगळ्यांसमोर, त्याला गेटवरून परत पाठवला. सख्खा भाऊ असून. त्या दिवसापासून कारखान्यात गोरखचं, म्हणजे माझं, नाव झालं. एमडी साहेबांनी मीटिंगमध्ये उदाहरण दिलं होतं. पुढं संपतला कावीळ झाली, पोट फुगलं आणि गेला. पिणाऱ्यांचं तसंच होतं.

आईला म्हटलं, म्हणूनच तर लक्ष ठेवतोय. आई म्हणाली, त्यो पीत नव्हता रं. आईचं मन.

१२ जानेवारी, रविवार
महत्त्वाचा पुरावा. ऋषी ओट्यावर उन्हात पडला होता, तोंड उघडं, लाळ गळत होती. बॅटरी आणली आणि डोळ्यांत मारली. बुबुळाच्या कडेनं गोल तपकिरी कडं दिसलं. दोन्ही डोळ्यांना. असं कडं मी तीस वर्षांत कुणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. जागरणानं होत असावं. तारखेसह नोंद केली.
ऋषी म्हणाला, अण्णा, लाईट बंद करा, मी काय चोरी केलीय का?
सृष्टी, धाकटी, बारावीला आहे, ती म्हणाली, अण्णांना आता मांजर पण प्यालेलं वाटेल. मांजरावर माझा संशय नाही.

१९ जानेवारी, रविवार
ऋषी गाडी काढून आळेफाट्याला निघाला. मी भिमाजीची मोटारसायकल घेऊन मागे. (भिमाजी गेटवर माझ्या हाताखाली आहे, धनगराचा पोरगा, हुशार, पण बोलतो फार.) ऋषीनं नाक्यावरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरलं. मी ट्रकच्या आडून बघितलं. त्यानं मसाला दूध मागवलं. आणि स्ट्रॉ मागितला.

दूध स्ट्रॉनं कोण पितं? त्यानं ग्लासाला हातच लावला नाही. हात मांडीखाली दाबून धरले आणि मान खाली घालून दूध ओढलं. पाऊण तास बसला. कोणी भेटायला आलं नाही. एकटा बसून दूध पिणारा तरुण मी आजपर्यंत पाहिला नाही. अत्यंत संशयास्पद.

परत येताना ट्रकवाल्यानं विचारलं, पावणं, माझ्या टायरमागं काय करताय? लघवीला आलो म्हणून सांगितलं.

२१ जानेवारी
सुदर्शनचा फोन. म्हणाला, गोरखभाऊ, पोरगं सोन्यासारखं आहे, पण आता बारीक स्क्रू त्याला धरता येईना. काल गिऱ्हाईकाचा फोन हातातून पडला. आणि बोलतो ते मला दोनदा विचारावं लागतं. डॉक्टरला दाखवा राव. तोवर काउंटरवर बसवतो.
हात गेला, जीभ गेली. डोळे मी आधीच नोंदवलेत, आणि आळेफाट्याला हॉटेलाची पायरी चढताना पायही अडखळले होते. चारही गोष्टी जुळल्या. डॉक्टरची गरज नाही, पण सहीशिक्क्याचा पुरावा हवा म्हणून नेतो.

२३ जानेवारी, गुरुवार
नारायणगावच्या डॉक्टरांनी रक्त काढलं. लिव्हर बिघडलेलं आहे असं आलं. मी मोहिनीकडे बघितलं. बोलायची गरजच नव्हती.
डॉक्टर ऋषीला म्हणाले, घेतोस का? ऋषी म्हणाला, नाय. डॉक्टर म्हणाले, मग पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, हात आणि लिव्हर एकत्र बिघडलंय हे मला बरं वाटत नाही. हात थरथरण्याची कारणं पुष्कळ असतात, वेगळी काढावी लागतात. मी म्हटलं, बघू. पोराच्या एका शब्दावर विश्वास ठेवणारा डॉक्टर.

घरी मोहिनी भांडली. मी सांगितलं, आमच्या घराण्यात मेंदूचं काही नाही. ती म्हणाली, मग माझ्यात आहे का? तिच्यातही नाही. ती माझ्या मामाचीच मुलगी. बाहेरची मुलगी केली की काय काय घरात येईल सांगता येत नाही, म्हणून तर आमच्याकडे मामाची करतात. दोन्ही बाजू तपासलेल्या.

२५ जानेवारी
लिव्हरवर उपाय सापडला. भिमाजीच्या आजीचा. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी सकाळी उपाशीपोटी. तांब्यानं शरीरातलं सगळं विष निघतं. नारायणगावहून नवा हंडा आणला, तीन पेले आणले, हातात घालायला तांब्याचं एक कडंही आणलं. ऋषी माझ्यासमोर दोन पेले पाणी प्यायला. सांडलं बरंच. सांडलेलं मोजून पुन्हा भरलं.

२ फेब्रुवारी, रविवार
फरक नाही. चार पेले केले.

६ फेब्रुवारी
लोक सल्ले देतात. शेजारच्या बायडाबाई म्हणतात, हे बाहेरचं आहे. सुदर्शन म्हणतो, टेन्शन. ओझरच्या एका ओळखीच्यानं सांगितलं, काही घराण्यांत हात असेच थरथरतात, त्याचं काही नसतं. मोबाईलवर पार्किन्सन येतं, पण ते म्हाताऱ्यांचं. मी सगळं वाचून प्रत्येकावर फुली मारली. दारूवर बरोबरची खूण. ओळख पटवणं हा शेवटी अनुभवाचा विषय आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पेले आता पाच केलेत. आज सकाळी ऋषीनं पाचवा पेला न पिताच खाली ठेवला. हळू, अडखळत बोलला. म्हणाला, अण्णा, मला काय झालंय ते मला पण कळत नाय. शर्टाचं बटन लागत नाय. सृष्टी लावते, दार लावून, तुम्हाला दिसू नये म्हणून. तुम्ही म्हणताय ना दारू, तर दारू. लिहून द्या. निदान नाव तरी मिळंल त्याला.
आणि पाणी प्यायला.
मी त्याला म्हणालो, कबुली दिलीस हे बरं केलंस. पण दिवसभर गेटवर माझं लक्ष लागलं नाही. एक ट्रॅक्टर पावतीशिवाय आत गेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मोहिनीनं मला न विचारता पुण्याची वेळ घेतली. मंगळवारची. मीही जाणार. देखरेखीसाठी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, पुणे
डॉक्टरबाई पोरसवदा, पण पद्धत उत्तम. म्हणजे माझीच. ऋषीला चालायला लावलं. बोलायला लावलं. हात मांडीवर ठेवून बघितले, मग पुढं लांब करून, मग पंखासारखे कोपरातून दुमडून. तेव्हा ते पाखरासारखे फडफडायला लागले. एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला लावलं. गोल काढायला लावला, तो वेडावाकडा आला. मी मध्ये मध्ये मान डोलवत होतो. फुंक मारायला मात्र सांगितलं नाही. ती उणीव मी लक्षात आणून दिली.

मग खोलीतला दिवा बंद करून त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, कडं आहे. मी ताबडतोब सांगितलं, मी ते आधीच पाहिलंय, तारखेसह नोंद आहे, १२ जानेवारी. त्यांनी दिवा लावला. माझ्याकडे बघून विचारलं, मग सव्वा महिना काय करत होता?
मी म्हटलं, उपचार. तांब्याच्या हंड्यातलं पाणी. रोज पाच पेले. हे कडंसुद्धा.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

रक्त, लघवी, मेंदूचा फोटो, डोळ्यांची मशीन. सगळं झालं. मोहिनीनं तिथल्या तिथं ऋषीच्या हातातलं कडं काढून पर्समध्ये टाकलं. का, ते मला सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार, पुणे
विल्सनचा आजार. दारू नाही. टेन्शन नाही, पार्किन्सन नाही, बाहेरचं तर नाहीच. अन्नातलं जादा तांबं आपलं शरीर बाहेर टाकतं, याचं टाकत नाही. जन्मापासून. ते आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत, मग डोळ्याच्या कडेला.

तांबं.

मी विचारलं, हे माझ्या हंड्यानं झालं का? बाई म्हणाल्या, नाही, हे आई आणि वडील दोघांकडून आलेलं असतं, एकेक हिस्सा. पण हंडा आजपासून बंद. गोळ्या आयुष्यभर. हात सावकाश सुधारतील, काही महिने लागतील. गोळ्या चुकवल्या तर जीव जाऊ शकतो. सृष्टीचंही रक्त तपासायचं, तिला काही होत नसलं तरी.

मग त्यांनी विचारलं, नात्यात कोणाला असं काही होतं का? मी नाही म्हणालो. मोहिनी म्हणाली, संपतभाऊजी. मी म्हणालो, त्याचं वेगळं, तो प्यायचा. बाई म्हणाल्या, तुम्ही पिताना पाहिलं होतं? मी म्हणालो, पिताना नाही, पण चाल, जीभ, हात, सगळं जुळत होतं. गेटवर सगळ्यांसमोर फुंक मारायला लावली होती.
त्या म्हणाल्या, वास आला होता?

एसटीत मोहिनी खिडकीकडे तोंड करून बसली. ऋषी माझ्या खांद्यावर झोपला. मंचरपर्यंत मी हललो नाही.

२५ फेब्रुवारी
रजा टाकली. आईला सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, तिला ऐकू येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं. तिला विचारलं, त्या दिवशी गेटवरून आल्यावर संपत काय म्हणाला होता? आई शेंगा फोडत होती. म्हणाली, काय न्हाई. दादाला वास आला न्हाई म्हनला. मग दादा काय तरी करल म्हनला.
ती पुढं फोडत राहिली. मीही बसलो फोडत.

२६ फेब्रुवारी
कामावर गेलो. भिमाजी म्हणाला, साहेब, हंड्याचा गुण आला का? मग माझ्याकडे बघून पावत्या चाळायला लागला. एक ऊसतोडीचा माणूस झोकांड्या देत आला. भिमाजी म्हणाला, फुंकायला लावू का? मी त्या माणसाला सावलीत बसवला, विचारलं, काय होतंय? त्यानं तोंड उघडलं आणि मोहाच्या दारूचा असा दणदणीत वास आला की मला बरं वाटलं.

५ मार्च, बुधवार
सृष्टीला आजार नाही. हिस्सा एकाच बाजूचा आहे, आमच्यासारखा. त्रास होणार नाही. मोहिनी रडली. हंड्यात आईनं कोथिंबीर पेरली आहे.

९ मार्च, रविवार
संकल्प: गोळ्यांची वेळ मी स्वतः पाळणार. सकाळी उपाशीपोटी पहिली.

उठलो तेव्हा ऋषीनं स्वतःच गोळी घेतलेली होती, आणि मोबाईलवर पुढच्या वेळा लावलेल्या होत्या. म्हणजे माझ्याकडे काम उरलं नाही. तासाभरानं चहा नेऊन द्यावा म्हटलं. बशीत कप ठेवून ओट्यापर्यंत गेलो. संपत जिथं बसायचा तिथंच ऋषी बसला होता, कप धरायला दोन्ही हात पुढं केलेले. बशी वाजायला लागली. माझ्या हातात. थांबेना. अर्धा चहा त्याच्या मांडीवर.

ऋषीनं माझ्या हाताकडे बघितलं. मग तोंडाकडे. जीभ अजून जड आहे त्याची, पण शब्द स्पष्ट आले. म्हणाला, अण्णा, फुंक मारा.

मारली.