साडेपाच ते आठ

साडूबुवा,

साष्टांग नमस्कार घेण्याचे तुमचे वय झाले आहे आणि घालण्याचे माझे राहिलेले नाही, तेव्हा बसल्या बसल्या केलेला गोड मानून घ्यावा. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा दुखत होता, त्याआधीच्या पत्रात उजवा. सरासरीने पाहता दोन्ही बरे असावेत. (सांख्यिकी खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून वेगळा दिलासा काय द्यायचा?)

तर तुमच्या खात्याचा तो चार पानी तक्ता आमच्या कचेरीत आला. विषय, राज्यातील व्यावसायिक सेवा क्षेत्रातले साप्ताहिक कामाचे सरासरी तास. आम्ही इमारतींचे नकाशे काढतो, म्हणजे नकाशे बाकीचे काढतात आणि त्यांखालचे शब्द मी लिहितो. त्यामुळे कागद भरायचा म्हटला की मी, हे ठरलेलेच. साहेब म्हणाले, साडेबावन्न लिहून टाका, पाच दिवस साडेनऊला येतो आणि आठला जातो. पण तुमची तळटीप होती की प्रत्येकाने आठवडाभर दर अर्ध्या तासाला प्रत्यक्ष काय केले ते स्वहस्ते लिहावे. टिपेपुढे माझे लहानपणापासून काही चालत नाही. मी आठ कागद वाटले, एक साहेबांनाही.

शुक्रवारी ते गोळा करून वाचायला बसलो. साडेपाचपर्यंत सगळे यथासांग. पुढे मात्र आमच्या थोरल्या आरेखकांनी (त्यांना आम्ही ‘काटकोन’ म्हणतो, वाकत नाहीत म्हणून) रोज लिहिले होते, ‘साहेबांच्या खोलीतला दिवा विझण्याची वाट पाहणे.’ इतरांचे शब्द निराळे, अर्थ तोच. माझाही तोच, फक्त सामासिक. शेवटी साहेबांचा कागद उघडला: ‘मंडळी घरी जाण्याची वाट पाहणे. आपण आधी उठणे बरे दिसत नाही.’ न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. हे त्याच्यावर टेकलेले, ते ह्याच्यावर, आणि खाली जमीन नाही. पाठशाळेत हा दोष मी घोकून पाठ केला होता. त्याच दोषात रोज अडीच तास बसून असतो, हे मात्र अकरा वर्षे ध्यानात आले नाही.

साहेबांनी आठही कागद दोनदा वाचले. “म्हणजे मी तुमच्यासाठी थांबत होतो?”

“आणि आम्ही तुमच्यासाठी,” मी म्हटले.

त्यांनी उठून दिवा घालवला. जेवणाची सुट्टी वजा जाता आमचा आकडा साडेसदतीस भरला आणि सोमवारपासून कचेरी साडेपाचला रिकामी होऊ लागली.

सहाला मी घरी. जेवणाच्या टेबलाभोवती तुमची मेहुणी आणि शेजारच्या चौघीजणी गात होत्या. (गेली अकरा वर्षे सहा ते आठ गातात म्हणे. चांगल्या गातात.) मला पाहून गाणे मधेच थांबले, एकीने माझ्यासाठी खुर्ची रिकामी केली. ही लगबगीने आली आणि कपाळाला हात लावून पाहिला. “बरं वाटत नाहीये का?” मी सगळी हकीकत सांगितली. हिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “उद्यापण लवकर येणार?” मंगळवारी चौघींतल्या दोघीच आल्या. बुधवारी कोणीच नाही. ही टेबल पुसत राहिली, आधीच पुसलेले.

ताईंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. — आमचा तक्ता संशयास्पद वाटतो, सबब फेरतपासणीसाठी सर्वांनी पूर्ववत आठपर्यंत कचेरीत थांबावे, असे एक पत्र तुमच्या खात्याकडून येऊ शकेल काय? मुदत घालू नये.

ता. क. २ — गुरुवारपासून मी साडेपाच ते आठ वाचनालयात बसतो. घरी गाणे पुन्हा सुरू झाले आहे, पाचही जणींचे. वाचनालयात समोरच्याच टेबलावर साहेब असतात. त्यांच्या घरी काय चालते ते मी विचारलेले नाही. काल मात्र त्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि हळूच विचारले, “तुमचे साडू त्याच खात्यात आहेत ना?”

या पाकिटावरचे तिकीट त्यांचे आहे.