गुरुवारचं उत्तर

दि. ४ नोव्हेंबर

चि. मिठूस,

आपाचे आशीर्वाद. खुशाली विचारायची मनःस्थिती नाही, तरी तुझा दमा कसा आहे ते कळव.

फोनवर तू ओरडतोस, मी फोन आपटते आणि मुद्दा तसाच राहतो. म्हणून हे पत्र. यात तुला मधेच माझं वाक्य तोडता येणार नाही.

तुझ्या वर्गाच्या हॉलचं वायरिंग करणारा वायरमन परवा आमच्या इस्पितळात आणला. पोटात दोन वार, त्यातला एक यकृतापर्यंत गेलेला. भूल मीच दिली. मास्क लावण्याआधी त्यानं मला विचारलं की मी मौलानांची बहीण का, चेहरा अगदी सारखा आहे. मी हो म्हणाले आणि मास्क लावला. जिवावरचं संकट अजून टळलेलं नाही.

वार करणारा तुझाच विद्यार्थी निघाला, तो औषधाच्या दुकानातला चष्मेवाला. पोलिसांना त्यानं सांगितलं म्हणे की परधर्मीयाला मारायची आज्ञा आहे, आणि कुराणातल्या त्या आयतीचा, त्या वचनाचा, हा अर्थ आपल्याला तुझ्या वर्गात कळला. मिठू, तू वर्गात बोललास तरी काय? मला सगळं हवंय. पेपरला दिलेलं ते गुळगुळीत निवेदन नको, ते मी वाचलं आणि चुरगाळून टाकलं.

तुझे भावोजी म्हणतात, आधी त्याचं ऐकून घे. तेवढ्यासाठीच उत्तराची वाट पाहते.

संतापलेली,
आपा

दि. ८ नोव्हेंबर

ती. आपास,

सलाम वि. वि. दमा बरा आहे, बाकी काही बरं नाही.

कुराणाचा अर्थ शिकायला आपण दोघं अब्बांसमोर शेजारी शेजारी बसायचो, तेव्हा त्यांची पद्धत मी तुला काय सांगू? पहिल्या दिवशी विरोधकाची बाजू मांडायची, आणि अशी मांडायची की त्यालाही वाटावं, आपण हे इतकं चांगलं कधी बोललोच नव्हतो. रात्रभर शिष्यांनी डोकं खाजवायचं. दुसऱ्या दिवशी उत्तर. मीही तेच करतो. बुधवारी मी त्या आयतीतून कायमच्या कत्तलीचा हुकूम काढणाऱ्यांची बाजू मांडली. गुरुवारी उत्तर दिलं, की ही आयत करार मोडून हल्ला करणाऱ्यांशी चाललेल्या एका युद्धातली आहे. तिच्या आधीचीच आयत करार पाळणाऱ्यांना वगळते. पुढची तर सांगते की त्या शत्रूंपैकी कुणी आश्रय मागितला तर द्या आणि त्याला सुखरूप जागी पोहोचवा. आता सांग, यात माझं काय चुकलं?

जन्मभर मी संदर्भ संदर्भ म्हणून घसा कोरडा केला, आणि आज माझंच अर्धं बोलणं तोडून छापतात! टीव्हीवर इस्लामला नावं ठेवणारा तो टाय लावलेला गृहस्थ रोज ठणकावून सांगतो की कुराणाचा खरा अर्थ चाकूवाल्यालाच कळलाय. त्या दोघांचं एवढं जमत असेल तर त्यांनी एकमेकांकडे शिकवणी लावावी, मला कशाला मधे ओढतात?

तो चष्मेवाला गुरुवारी आलाच नसणार. माझे वकीलही हेच म्हणतात. उत्तर न ऐकता कुणी उठून गेला तर त्याला मी काय करू?

वायरमनला माझा सलाम सांग. तो शिडीवर बसून वर्ग ऐकायचा आणि खाली उतरला की शंका विचारायचा. चांगला माणूस आहे. भावोजींना सलाम. माझ्यावरचा लोभ आटला असला तरी तळाशी थोडा शिल्लक ठेव.

तुझा,
मिठू

दि. १२ नोव्हेंबर

चि. मिठूस,

आशीर्वाद. तुझा सलाम मी पोहोचवलेला नाही. कुठल्या तोंडानं पोहोचवू?

वायरमनची बायको रोज अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसते. काल तिच्याजवळ बसून मी तुझी बाजू मांडली. होय, मीच. अब्बांची पद्धत सांगितली, बुधवार सांगितला, गुरुवार सांगितला, आधीची आयत, पुढची आयत, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारच्या वर्गापर्यंत तिच्या नवऱ्याला मारणं चालत होतं का. मी उठले. आत जाऊन मी नळ सोडला आणि उगाच हात धूत उभी राहिले.

आता तुझा वकील म्हणतो त्याबद्दल ऐक. तपास करणारा अधिकारी वायरमनचा जबाब कधी घेता येईल हे विचारायला आला होता. तो म्हणाला, चष्मेवाला गुरुवारीही वर्गात होता, दुसऱ्या रांगेत, शेवटपर्यंत. हॉलच्याच कॅमेऱ्यात दिसतोय. तेव्हा उत्तर ऐकलं नाही हे पालुपद आता पुरे कर. त्यानं उत्तर ऐकलं, घरी गेला, काही दिवसांनी चाकू घेऊन आला आणि शिडीवरच्या माणसाला खाली ओढून भोसकलं.

पेपरवाल्यांवर चिडायला तुला वेळ आहे, टायवाल्यावर चिडायला वेळ आहे. जरा तुरुंगात जाऊन त्या मुलाला विचार की गुरुवार ऐकूनही बुधवारच का पटला. ते कळेपर्यंत मला पत्र पाठवू नकोस. अब्बा असते तर तुला कान धरून घेऊन गेले असते.

अजूनही तुझीच,
आपा

दि. १९ नोव्हेंबर

ती. आपास,

सलाम वि. वि. जाऊन आलो.

जाळीपलीकडे तो माझा आदर राखून उभा राहिला, याचाच मला जास्त संताप आला. गुरुवारचा धडा आठवतो का म्हणून विचारलं, तर त्यानं अख्खा म्हणून दाखवला. करार, युद्ध, आश्रय, एकही तपशील चुकला नाही. परीक्षेत मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मग असं का केलंस म्हणून मी ओरडलो. तो म्हणाला की मौलाना, बुधवारी तुम्ही जागेवरून उठून बोलत होता, आवाज चढला होता, आम्हाला शहारे आले. गुरुवारी टिपणं वाचलीत आणि दोनदा घड्याळ पाहिलंत. तुमच्या मनातलं काय आणि लोकांना दाखवायचं काय, हे आम्हाला कळलं.

मी त्याला नालायक म्हणालो, आणखीही बरंच काही म्हणालो. पहारेकऱ्यानं मला बाहेर काढलं. बसमध्ये बसल्यावर आठवलं, की खरंच पाहिलं होतं घड्याळ. आपा, बुधवारी समोरचे डोळे विस्फारून ऐकतात ना, ते मला आवडतं. उत्तर मला इतकं उघड वाटतं की ते सांगायचा कंटाळा येतो. त्या कंटाळ्यापायी एक माणूस तुझ्याकडे नळ्या लावून पडलाय. चाकू त्याचा आहे, त्याचा गुन्हा मी माझ्या अंगावर घेणार नाही. पण माझा मला फेडावा लागेल.

ती पद्धत मी बंद केली. काल वर्गात उभं राहून हे सगळं सांगितलं. वर्ग चालवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, असं बोलून शत्रूच्या हातात कोलीत देताय. मी म्हणालो, वायरमन माझा शत्रू नाही. बहुतेक काढून टाकतील, टाकू देत.

त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: नाही, एक क्षणही नाही. पण ते तू सांगू नकोस. मी येतो. त्या भेटतील का ते विचारून कळव. लोभ मागत नाही, राग तेवढा असाच राहू दे.

तुझा,
मिठू

दि. २३ नोव्हेंबर

चि. मिठूस,

आशीर्वाद. वायरमनला काल वॉर्डात हलवलं. बोलतो, पण हळू.

तुझं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही, माफीही मागत नाही. वायरमन छताकडे बघत राहिला. त्याच्या बायकोनं तो जाळीपलीकडचा मजकूर पुन्हा वाचायला लावला.

मग म्हणाली, येऊ देत त्यांना. पण माफी, खुलासा, संदर्भ यातलं काही आधी नको. आधी तो बुधवारचा वर्ग घ्यायचा, इथे खाटेशेजारी उभं राहून, एक शब्द न गाळता, त्याच चढ्या आवाजात. त्यांच्या तोंडून तो शेवटपर्यंत निघाला, तर गुरुवारचंही ऐकून घेईन म्हणाली.

भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. मी दाराशी उभी असेन. तुझी बाजू घ्यायला नाही, तू पळून जाऊ नयेस म्हणून.

तुझी,
आपा