डाव्या भुवईवरची खूण

बीड,
चैत्र वद्य पंचमी, फसली सन १३३०

प्रिय बंकट,

रामराम. माझं पत्र येईल असं तुला स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल. तुझं पाली गाव काही विलायतेत नाही. पहाटे निघालं तर न्याहारीला तुझ्या दारात. तरी लिहितोय. तुला अक्षर येत नाही, तेव्हा मोहनराव पटवारीच वाचून दाखवतील. मोहनराव, जरा सावकाश वाचा. माझं अक्षर कुठंच्या कुठं जातंय.

आधी तब्येतीचं सांगतो. दिवाळीत मला लकवा मारून गेला. डावा पाय ओढत चालतो, बोलणं जड झालंय आणि तोंडाची डावी बाजू खाली उतरलीय. पाणी प्यालो की अर्धं सदऱ्यावर. तुझी वहिनी केशरबाई लेकराचं पुसावं तसं पुसते, त्याचाच जास्त त्रास होतो. संक्रांतीला बैलगाडीतून तुझ्याकडं आलो होतो तेव्हा तू हे पाहिलंसच. ताक दिलंस, पाठीमागं घोंगडी लावून दिलीस. मी दोन तास बसलो, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि परत आलो. काहीतरी सांगायला आलो होतो हे तुझ्या ध्यानात आलं असेल. विचारलं नाहीस.

आम्ही पोलिसातले जवान-जमादार लोक नोकरी संपून वजिफ्यावर येतो तेव्हा सरकार पितळी बिल्ला आणि पट्टा काढून घेतं आणि बदल्यात एक कागद देतं, शिनाख्तीचा, ओळख पटवायचा. त्यावर नाव, हुद्दा आणि आपला हुलिया. केशरबाईनं त्याला खणाची पिशवी शिवली होती. वर्षातून एकदा तो घेऊन कचेरीत जायचं आणि आपण जिवंत आहोत, आणि आपण म्हणजे आपणच आहोत, हे दाखवायचं. चार वर्षं काही अडलं नाही. ह्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, अडलं. कारकुनानं कागद वाचला, कद दरमियाना, रंग सावला, बायें अबरू पर जख्म का निशान. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. भुवई डोळ्यावर उतरलेली, खूण कातडीच्या घडीत गेलेली. म्हणाला, "सूरत नहीं मिलती, बाबा. कोई शिनाख्त करनेवाला लाओ."

मी बोटानं भुवई वर उचलून दाखवली. त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

ती खूण कुणाची, हे तुला सांगायला नको. लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर उभे होतो, तू गोफण फिरवलीस आणि पाखरू राहिलं बाजूला, दगड मला बसला. रक्तानं डोळा भरला. तुझी आई, साखराबाई, लोकर जाळून तिची राख जखमेत दाबत होती आणि दुसऱ्या हातानं तुला बडवत होती. मार खाता खाता तू मलाच विचारत होतास, "दुकतंय का रं राध्या?" पुढं पोलिसात भरती झालो तेव्हा हुलिया लिहिणाऱ्यानं तीच खूण धरली. एवढी वर्षं सरकार मला ओळखत आलं ते तुझ्या दगडावरून.

तर तीन दिवस मी कचेरीच्या पडवीत उभा होतो. बसायला जागा नाही. ज्याची ओळख पटलेली नाही त्यानं बाकावर बसायचं नाही, असा तिथला शिरस्ता. आणायचं तरी कुणाला? माझ्याबरोबरचे सगळे मानमोडीच्या तापात गेले. उरला एकटा हरिबा, त्याला डोळ्यांनी दिसत नाही. हात धरून आणला असता तर त्यानं आवाजावरून ओळखलं असतं, पण आवाज तरी माझा कुठं राहिलाय. खरं सांगू, पाय भरून आले तेव्हा तुझी आठवण झाली. भूतदयेनं नाही झाली. माझाच पाय दुखत होता म्हणून झाली.

दर मंगळवारी तू चावडीच्या पायरीखाली उभा राहतोस. पोलीस पाटील आप्पाराव वही काढेपर्यंत, तुझं नाव घेईपर्यंत, पागोटं काखेत धरून. सात वर्षं तुरुंगात आणि त्यावर चोवीस वर्षं ही हजेरी. मी जमादार असताना कितीदा त्या चावडीत खुर्चीवर बसलो, तू खाली उभा. माझ्या मनात यायचं, पाच मिनिटांचं तर काम आहे. हजेरी पाच मिनिटांची नसते हे मला पडवीत कळलं. मेंढरांमागं चार-चार महिने मुलूख फिरणारी तुमची जात, आणि तुला मंगळवार चुकवून शीव ओलांडायची बंदी. सारजावहिनीनं कळप विकला. तू घरात बसून घोंगड्या विणायला लागलास. दसरा झाला की बाकीच्यांची मेंढरं खाली निघतात, तेव्हा तू शिवेवरच्या ओढ्यापर्यंत जातोस आणि परत फिरतोस, असं आप्पारावांनीच मला एकदा सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कारकून परत माझ्यावर खेकसला तेव्हा दारावरचा जवान पुढं आला. चाळिशीचा असेल, मी त्याला कधी पाहिलेला नाही. म्हणाला, "मी वळखतो की साहेब. आमचे जुने जमादार हायेत हे." कारकुनानं त्याचा अंगठा घेतला आणि कागदावर शिक्का मारला. संपलं. बाहेर येऊन मी त्याला विचारलं, बाबा, तू मला कुठं पाहिलंस? तर म्हणतो, "कुटं न्हाई. म्हटलं, म्हातारं मानूस कवर हुबं ऱ्हाईल."

भला माणूस. मी त्याला आशीर्वाद द्यायला हवा होता. पण मी तिथंच पायरीवर बसून राहिलो. न पाहिलेल्या माणसाला "ओळखतो" म्हणायला किती वेळ लागतो ते माझ्यापुढं घडलं होतं. तेवढाच वेळ मलाही लागला होता.

मांजरसुंब्याच्या घाटात त्या कापडवाल्याची गाडी लुटली तेव्हा मला नोकरीला आठ महिने झाले होते. चैत्रातलीच दुपार. तुरुंगातून आल्यावर तू गावभर सांगायचास, "ऊन लई व्हतं, राध्याचा डोळा चुकला आसंल." ते माझ्या कानावर यायचं आणि मी ते तसंच राहू द्यायचो. डोळा चुकला नव्हता, बंकट. डोळा मिटलेला होता. मी पहाऱ्यावर, लिंबाखाली, पटका उशाला घेऊन झोपलो होतो. कापडवाल्याच्या बोंबलण्यानं जागा झालो तेव्हा लुटणारे टेकडीपार झाले होते. संध्याकाळी ठाण्याचे अमीनसाहेब आले. त्यांनी विचारलं, तू कुठं होतास? झोपलो होतो म्हटलं असतं तर त्याच दिवशी बिल्ला उतरला असता. मी म्हणालो, मागं धावलो साहेब, एकाचं तोंड पाहिलं. आता तोंड पाहिलं म्हटल्यावर ते दाखवणं आलं. घाटाच्या उतारावर संशयावरून धरले ते सात जण चार दिवसांनी माझ्यापुढं ओळीत उभे केले. तू तिसरा होतास. मला पाहून तू हसलास. आता राध्या आला, सुटलो, असं तुला वाटलं असणार. मी तुझ्याकडं बोट केलं.

तूच का, हे मी एकतीस वर्षं स्वतःला विचारतोय. उत्तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बाकीच्या सहा जणांच्या घरचे माझ्या दारात येऊन आक्रोश करून गेले असते. तू ओरडणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू माझा होतास म्हणून मी तुला निवडलं. त्याच शिनाख्तीची शाबासकी कागदावर चढली आणि पुढं जमादारीचा बिल्ला मिळाला. तो मी रोज चिंचेनं घासून लखलखीत ठेवायचो.

कचेरीतून घरी येऊन मी केशरबाईला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. म्हणाली, "मला त्याच साली कळलं व्हतं. तुमी झोपंत बडबडताव. सारजाबाईच्या नजरंला मी एकदा बी नजर दिली न्हाई." मग मी जबानी लिहून जिल्ह्याच्या पोलिसांचे वरिष्ठ, मोहतमीमसाहेब, यांच्याकडं दिली आणि शिनाख्तीचा कागद तिच्याबरोबरच जमा केला. खोटी शिनाख्त करणाऱ्याजवळ तो कागद असू नये. वजिफा बंद होईल, बहुतेक होईलच. केशरबाई म्हणते, तिच्या भावाचं शेत आहे. बघू.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. तुझ्या ओसरीवर मी हे तोंडानं बोललो असतो तर तू काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. "जाऊ दे, राध्या." आणि ते आपल्या दोघांत मिटलं असतं. पण तुला चोर म्हटलं गेलं ते काही दोघांत नव्हतं, सगळ्या गावापुढं होतं. म्हणून मुद्दाम कागदावर लिहिलं, तुला कागद वाचता येत नाही म्हणून. दुसऱ्या कुणीतरी तो मोठ्यानं वाचावाच लागतो. मोहनरावांना मी निरोप धाडलाय की पाकीट मंगळवारीच फोडा, चावडीवर, आप्पाराव हजेरीची वही उघडून बसले की, चार माणसं जमवून. तेव्हा आत्ता तू पायरीखाली उभा असशील आणि गाव ऐकत असेल. मोहनराव, पुढची ओळ दोनदा वाचा. बंकटनं काही लुटलेलं नाही. मी, राधाकिशन जमादार, पहाऱ्यावर झोपलो होतो आणि त्याच्यावर खोटं बोट ठेवलं. आप्पाराव, हुकमाशिवाय वहीतलं नाव तुम्हाला खोडता येत नाही, ते मी जाणतो. वरून हुकूम यायला महिने लागतील. तोवर हजेरी घ्या, पण त्याला वर बोलवा, आणि घोंगडी टाकून बसायला सांगा. बंकट, मोहनरावांचं वाचून होईपर्यंत तू उभाच असशील. बस आता.

तुझाच,
राधाकिशन
डाव्या भुवईवर तू दिलेली खूण असलेला