भाऊजींची बाजू

भंडारा,
कोजागिरी आटोपल्यावरचा सोमवार

प्रिय कमलेश,

पत्र पाहून दचकू नको. सगळे जिवंत आहेत, घर जागेवर आहे आणि मला तुझ्याकडून काही नको आहे, निदान पहिल्या पानावर तरी. पोळ्यापासून तुझा फोन नाही. मी केला की तुझी बायको उचलते आणि तू नेमका आंघोळीला गेलेला असतोस. भिलाईत पाण्याची एवढी सुबत्ता असेल असं मला वाटलं नव्हतं. तू रागावला आहेस हे मला ठाऊक आहे, कशावरून तेही ठाऊक आहे, आणि या भाऊबीजेला तू येणार नाहीस अशी कुणकुण आमच्या लेकीकडून, राखीकडून लागली म्हणून मी लिहायला बसले. सख्खा भाऊ एका गाडीच्या अंतरावर असताना पाट रिकामा ठेवायची माझी तयारी नाही. तुला आणायचं म्हणजे आणायचं, एवढं ठरवूनच कागद पुढे ओढला आहे.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. साठीकडे झुकलेला साळा सिनेमावरून भाऊजींशी अबोला धरून बसला म्हणे. पण 'शिकरा' हा आपल्या घरात नुसता सिनेमा कधी नव्हताच. तो नसता तर माझं लग्न झालं असतं की नाही, शंकाच आहे. हे मला बघायला तुमसरला आले तो दिवस आठव. बाबा राइस मिलमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते, आईनं शेजारून कपबशा मागून आणल्या होत्या, आणि बैठकीत कुणालाच काही बोलायला सुचेना. तू तेव्हा कॉलेजात. शांतता सहन होईना म्हणून तू आपलं विचारलंस की 'शिकरा' पाहिला का. हे म्हणाले, तीनदा पाहिला. तू म्हणालास की पिक्चर चांगला आहे, पण हिरो चुकला. झालं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन समोर उभी, आणि या माणसानं माझ्याकडे न बघता प्लेट उचलली आणि तुला विचारलं, "काहून चुकला?"

तुझं म्हणणं, शिकऱ्याच्या कामाला अजित कपिला घ्यायलाच नको होता. असा देखणा हेर तुमसर रोडहून गोंदियाला पोहोचायच्या आत पकडला जाईल. शिकरा करायला पाहिजे होता शहबाज मिर्झानं, त्या सिनेमात ज्यानं खलनायक केला होता त्यानं. हेराचा चेहरा कसा, माणूस गेल्यावर आठवू नये असा. शिवाय कपिला हे नाव गाईचं. हे असे उसळले की हातातले पोहे सांडले. म्हणाले, "अरे, जेलमंदी तो वाळली भाकर खाते ते पायलं का तू? उपाशी माणूस कसा खाते, हे त्यालेच मालूम. मिर्झा तं जेवल्यासारखा खाल्ला असता." मग गाण्यावर गाडी आली. नावं पडतात तेव्हाचं ते गाणं मुकुल सरकारनं म्हटलंय ते ठीक आहे की नसीम आराला द्यायला हवं होतं. हे सरकारच्या जड आवाजावर अडले होते, म्हणत होते की हेर आहे तो, लग्नातली नवरी नाही. आणि तू तेव्हा जे बोललास ते मी ट्रे धरून ऐकलं आणि कधीच विसरले नाही. तू म्हणालास, "हेर तं निघून जाते. गाणं घरी राहणाऱ्याचं असते. म्हणून बाईचा आवाज पायजे." एवढ्याशा पोराला हे कुठून सुचलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

शेजारची मनकर्णाबाई दारात बसून सगळं पाहत होती. तिनं शेवटी विचारलंच, "पाव्हणा पोरगी पाहाले आला का पोराले?" सगळे हसले, हे लाजले, आणि तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, मोडलं. पण पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "केवळराम पोरगा बरा आहे. जो पराया घरात एवढा मन लावून भांडते, तो आपल्या घरात मुका नाई राहणार." हा काय मुलगा निवडायचा निकष झाला? पण बाबांचं खरं निघालं. आमच्या घरात शांतता अशी कधी नव्हतीच.

मग 'शिकरा' येतच राहिला. प्रत्येक नव्या भागाला तू जवाहरनगरला आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर उतरायचास आणि तुमचं सुरू व्हायचं. मी भाताचा कुकर लावायची तेव्हा हिरो बदललेला असायचा, वरणाला फोडणी देईपर्यंत खलनायक बदललेला, आणि जेवायला बसलात की गायक. तिसऱ्या भागात कपिला सोडून गेला आणि कुणी नवाच घेतला, तेव्हा यांनी दोन घास कमी खाल्ले होते आणि तू त्यांना चिडवायला सिंगाड्यांची पिशवी घेऊन आलास, दुखवट्याला नेतात तशी. मग तुम्ही आपल्याच माणसांना कामं वाटायला लागलात. आपला मामा हा तस्करांचा म्होरक्या, फॅक्टरीच्या बसचा ड्रायव्हर हा परदेशी हेर. मला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मनकर्णाबाईला घ्या. कुणाच्या घरी काय शिजलं हे चूल न बघता सांगायची, आणि तिच्यावर कधी कुणाला संशय आला नाही. सांग, याहून चांगला शिकरा तुमच्यापैकी कुणाला सुचला असता का?

फोन आले, यूट्यूब आलं, तेव्हा मला वाटलं आता तरी हे संपेल. कुठलं काय. तिथे तर दुनियाभरचे लोक हेच भांडत होते. कुणी म्हणे चौथ्या भागाला अमकाच हवा होता, कुणी म्हणे सरकारनंतर गाण्यात जीवच नाही. यांना टाइप करता येईना, म्हणून राखीला शेजारी बसवून लिहून घ्यायचे. नाव घेतलं होतं 'जवाहरनगर का शिकरा'. तू 'भिलाई का मिर्झा'. तुमच्या दोघांच्या भांडणात मधे बोलायला आलेल्या कुण्या लखनौच्या माणसाला तुम्ही दोघांनी मिळून असं झापलं होतं की तो परत दिसला नाही. राखी ते अजून सांगते आणि हसते.

आता तुझ्या रागाकडे येते. यांची एक खोड तुला माहीत आहे आणि मलाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी हे भांडतात. ज्याला मनातून काढून टाकलं त्याला फक्त "बरोबर आहे" म्हणतात. फॅक्टरीतल्या त्या साहेबाला रिटायर होईपर्यंत "बरोबर आहे सर" म्हणत राहिले, एक शब्द जास्त नाही. वाटणीवरून चुलतभाऊ वाईट बोलून गेला, त्यानंतर त्याला लग्नात, मयतीत, कुठेही भेटले की "बरोबर आहे तुमचं." तू तर या खोडीची नक्कल करून दाखवायचास. म्हणून पोळ्याच्या दिवशी पाचव्या भागाचा ट्रेलर आला, तू हौसेनं फोन केलास, म्हणालास की या नव्या पोरापेक्षा म्हातारा मिर्झा आजही बरा, आणि तिकडून यांनी शांतपणे म्हटलं, "बरोबर आहे तुझं. मिर्झालेच घ्याले पायजे होतं," तेव्हा तुझ्या काळजात काय झालं असेल ते मला समजतं. मी तिथेच होते. तू म्हणालास, "भाऊजी, मले येड्यात काढून राहिले का?" आणि हे पुन्हा म्हणाले, "नाई रे, बरोबरच आहे." तू फोन ठेवून दिलास. जन्मभराचं नातं एका "बरोबर आहे"नं संपवलं, असं तुला वाटलं. मलाही खूप वाईट वाटलं, आणि तू समजून न घेता गप्प बसलास म्हणून तुझा रागही आला. मग मी स्वतःलाच म्हटलं, त्याला कुणी काही सांगितलंच नाही, तर तो समजून कसा घेईल?

इकडची खुशाली अशी. बांधाच्या शेतातलं धान यंदा बरं आहे, लवकर येणारं हलकं धान कापणीला आलं. राखीची नागपूरची नोकरी चालू आहे, सुट्टी मिळाली की येते. आणि तुझे भाऊजी सकाळी आंघोळ करून, डबा मागून, चौकात जाऊन उभे राहतात, जिथे फॅक्टरीची बस थांबते. पहिल्यांदा मी म्हटलं, जुन्या दोस्तांना भेटायला जात असतील. दुसऱ्यांदा ड्रायव्हर हात धरून घरी घेऊन आला. क्वार्टर सोडून आपल्या घरात आलो हे कधी आठवतं, कधी नाही. राखीनं नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. विसरण्याचा आजार आहे. वाढत जाईल, पण हळूहळू, असं ते म्हणाले. औषध सुरू आहे. मी तुला आधी सांगितलं नाही, कारण फोनवर बोलताना हे शेजारीच बसलेले असतात आणि त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल असं बोलायला माझी जीभ रेटत नाही. आताही समोर बसून शेंगा सोलत आहेत. विचारलं, कुणाला लिहितेस? म्हटलं, कमलेशला. तर म्हणाले, "त्याले म्हण, लवकर ये. आमचं बोलणं अर्धं राहिलं."

म्हणजे त्या दिवशी त्यांनी तुला मनातून काढलं नव्हतं रे. खरं काय झालं ते ऐक. तू फोन ठेवल्यावर राखीनं तो ट्रेलर टीव्हीवर लावला. सुरुवातीला जुन्या भागांतलं थोडं दाखवतात, त्यात कपिला आला, जेलमध्ये भाकर खाताना. हे पाहत राहिले आणि मला विचारलं, "हा कोन आहे?" ज्याच्यासाठी पस्तीसेक वर्षं तुझ्याशी भांडले, त्याचा चेहरा गेला. सरकारचा आवाजही गेला. स्वतः जे जे बोलत आले ते सगळं पुसलं गेलं. पण कमलेश, तुझं बोलणं राहिलं आहे. शब्दन् शब्द. दूधवाल्याला सांगतात की हेराचा चेहरा आठवू नये असा पाहिजे. काल मी दिव्याच्या वाती वळत बसले होते तर मला समजावून सांगत होते, की गाणं घरी राहणाऱ्याचं असतं म्हणून बाईचा आवाज पाहिजे. मी मान खाली घालून वाती वळत राहिले. तुझ्याशी भांडता यावं म्हणून त्यांनी तुझं किती मन लावून ऐकलं असेल, ते मला आता कळतं आहे. त्यांना वाटतं ही आपलीच बाजू आहे. मग समोरच्या बाजूनं कोण बोलणार? मी बोलून पाहिलं. कपिलाच चांगला, असं म्हटलं, तर "काहून?" म्हणून विचारलं आणि मला पुढे काही सांगता येईना. हिरमुसले. म्हणाले, "तुले नाई जमत. कमलेशले येऊ दे." म्हणून हे पत्र. दुर्गहून सकाळच्या गाडीत बस आणि वरठीला उतर, भाऊबीजेच्या आदल्या दिवशीच ये आणि मंडईची जत्रा होईपर्यंत राहा. त्यांची बाजू जगात आता फक्त तुला पाठ आहे. भाकरीपासून सुरू कर, सरकारच्या आवाजावर अडून बस, आणि ते मिर्झाचं नाव घेतील तेव्हा त्यांच्यासारखा उसळ. पोहे सांडले तरी चालतील, मी पुन्हा करीन. फक्त एवढं कर, त्यांना चुकूनही "बरोबर आहे" म्हणू नको.

तुझीच,
चंद्राताई