न खाल्लेल्या दोन पोळ्या

आई, मी अजून त्याच कामात आहे. आता दारोदार जात नाही, ऑफिसात बसून दुसऱ्या मुलींनी भरून आणलेले फॉर्म तपासते. प्रश्न तेच आहेत: काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंत, किती खाल्लंत. तुला ते काम कधी पटलं नाही. "एवढी शिकलीस आणि लोकांच्या वाट्या मोजत फिरतेस," म्हणायचीस, आणि तरी सकाळी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली तूच ठेवायचीस. त्या पिशवीत तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या, चमचे आणि पोळीचा आकार दाखवायला पुठ्ठ्याचे कापलेले गोल असायचे. लोक काय खातात ते आज लिहून ठेवायचं आणि पुढं वर्षानुवर्षं बघायचं, कुणाला मधुमेह होतो, कुणाला हृदयाचं दुखणं लागतं. एवढं मी तुला समजावलं होतं. तू म्हणालीस, "म्हणजे मी मेल्यावर कळणार, मी काय खायला नको होतं ते." आपण दोघी हसलो होतो.

भाईंदरला राहायला येऊन आपल्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. केबिन रोडच्या मागची ती इमारत, तिसरा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीत तुझी पुदिन्याची कुंडी. मी दिवसभर पूनम सागरच्या इमारतींमध्ये फिरून यायची आणि ओट्याशी उभी राहून तुला गंमत सांगायची. एक गुजराती काकी दार बंद करून हळूच म्हणाल्या होत्या, "बेटा, घी मत लिखना, मेरे डॉक्टर को पता चलेगा." बायकांची आणखी एक खोड होती. काय खाल्लं विचारलं की त्या काय रांधलं ते सांगायच्या. वरण, भात, दोन भाज्या, पोळ्या, सगळ्या घराचं. मग आम्ही ठरलेला दुसरा प्रश्न विचारायचो: ते सगळ्यांचं झालं, तुमच्या ताटात किती होतं? त्यावर बऱ्याच जणी थांबायच्या. एकीनं मला म्हटलं होतं, "मेरी थाली? मैं तो जो बचता है वो खाती हूँ." मी तुला हे सांगितलं तेव्हा तू कणीक मळत होतीस.

एका फॉर्मसाठी माझं अडलं होतं. आपल्या केबिन रोडवरचं एक घर तीन खेपांना बंद मिळालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा द्यायचा होता. बंद घराच्या बदल्यात त्याच भागातलं दुसरं घर घेता यायचं. स्वतःच्या घरातलं माणूस घेऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मला ते कळत होतं. तरी संध्याकाळी मी तुझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"काल काय खाल्लंस?"

"काल रविवारी दुपारी तूच तर जेवलीस माझ्याबरोबर. आमटी, भात, भेंडी, पोळ्या."

"ते सगळ्यांचं झालं. तुझ्या ताटात किती?"

तू हातातला पुठ्ठ्याचा गोल उलटसुलट करत राहिलीस. "अर्धी पोळी. भात नाही घेतला."

"आणि रात्री?"

"चहात बुडवून दोन टोस्ट. पुढं जातच नाही गं हल्ली. दोन घासांत भरल्यासारखं होतं."

मी कॅलरींची बेरीज केली. आकडा फार खाली येत होता. एवढ्या कमी आकड्याचे फॉर्म आमचे गठ्ठे तपासणाऱ्या मॅडम बाजूला काढायच्या. "इतक्यावर माणूस चालत-बोलत असतो का? एक तर तो खोटं सांगतोय, नाहीतर तुम्ही नीट विचारलं नाही. परत जा." परत जायला वेळ नव्हता. मी तुझ्या नावापुढं दोन पोळ्या आणि एक वाटी भात लिहिला.

तू वाकून बघितलंस. "एवढं खाल्लं मी?"

"एरवी खातेस ना?"

"एरवी खाते खरं." आणि मग म्हणालीस, "लिही. तुझं काम होऊ दे."

चार-पाच महिन्यांनी तुझे ब्लाउज आत घ्यावे लागले आणि मग पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, जेवण कधीपासून कमी झालंय? दादा माझ्या आधी बोलला, "तिनं कधी सांगितलंच नाही हो." मी तुझ्याकडं बघितलं. तू पंख्याकडं बघत होतीस. मी दादाच्या बोलण्याला मान डोलावली. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यानंतर दर वर्षी श्राद्धाला कुणीतरी ते वाक्य म्हणतं, फार सोशिक होती, कुणाला कळू दिलं नाही. मी पानं वाढत असते. मला काही होत नाही. पाहणीचा अहवाल केव्हाच निघाला. त्यातल्या कुठल्यातरी सरासरीत तू न खाल्लेल्या दोन पोळ्या आणि वाटीभर भात आहे. आता कमी आकड्याचा फॉर्म समोर आला की मी त्या मुलीला फोन लावते, त्या घरी परत जा म्हणते, नियम आहे म्हणून. तेव्हाही काही वाटत नाही. रडू येईल असं पहिली काही वर्षं वाटायचं, मग मी तेही सोडून दिलं.

परवा दादाचा फोन आला. त्याच्या मुलीला डॉक्टरांनी घरातली दुखणी विचारली होती. "आजीला नेमका कधीपासून त्रास होता ते तिला लिहायचंय. तुला काही आठवतंय का?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच म्हणाला, "जाऊ दे. आईनं कुणाला सांगितलंच नाही तर आपल्याला कसं कळणार." मी म्हटलं, "हो ना."

हे पत्र त्याला वाचायला द्यायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. देणार नाही. तुला तर ते पोचणारही नाही. तू सांगितलं होतंस आई, मी विचारल्यावर, सरळ शब्दांत. मी ते नीट ऐकलंही होतं. आणि त्या रात्री, फॉर्म पूर्ण झाला म्हणून, मला छान झोप लागली होती.