वाडीवरचा रोज

आये, आज सकाळी डहाणूत तुझ्या शेठने चारचौघांत तुझं कौतुक केलं, आणि मला त्याचा इतका राग आला की घरी येईपर्यंत स्कूटी कशी चालवली ते आठवत नाही. तू गेल्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझ्याशी कधी भांडले नाही, मेलेल्या माणसाशी काय भांडायचं म्हणून. आज भांडणार आहे. तुला वाचता येत नव्हतं हे माहीत आहे, तरी लिहून भांडणार आहे, कारण तोंडाने बोलायला लागले असते तर दोन वाक्यांतच तू मला गप्प केलं असतंस.

आधी हे सांगते की मी तिथे गेले कशाला. रानशेतला माझी एक शेड आहे. बागायतदारांच्या वाड्यांवरून चिकू विकत घ्यायचे, सोलायचे, काप करायचे, वाळवायचे आणि पाकिटं भरायची. सात बायका आहेत माझ्याकडे, सगळ्या तलासरीच्या पाड्यांवरच्या, आपल्यासारख्याच घरांतल्या. दसरा झाला की वाडीवाले एकत्र बसून मजुरांचा त्या हंगामाचा रोज ठरवतात, हे तुला कधी कळलं नसेल. तुला वाटायचं, शेठच्या मनात येतो तो रोज. तसं नाही. चहा-फाफडा खात खात पंधरा-वीस जण मिळून ठरवतात, सगळ्यांनी तेवढाच द्यायचा, कोणी जास्त द्यायचा नाही, कारण जास्त दिला की माणसं बिघडतात. हाच शब्द वापरतात, बिघडतात. चिकूचा भाव मात्र ज्याचा त्याने मिळेल तसा घ्यायचा, त्याने कोणी बिघडत नाही. यंदा पहिल्यांदाच मला बोलावणं आलं, आणि खोटं कशाला बोलू, मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

कोणीतरी म्हणालं, गेल्या वर्षीचाच ठेवू, यंदा सगळ्यांचेच हाल आहेत. माना डोलल्या. मी म्हटलं, "एवढ्यात बाईचं घर चालतं का, हे कोणी कधी विचारलंय?" तेव्हा तुझा शेठ हसला. म्हातारा झालाय आता, कानात मशीन आहे. म्हणाला, "अगं, तू हे विचारतेस? तुझी आई म्हणजे सोन्यासारखी बाई. पंचवीस वर्षं माझ्याकडे राहिली, एकदासुद्धा रोजासाठी तोंड उघडलं नाही. आता तशी माणसं राहिली कुठे?" सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी म्हटलं, "तोंड उघडलं नाही म्हणूनच ती बेचाळिसाव्या वर्षी मेली, शेठ." मग एकाने माझ्यापुढे चहा सरकवला आणि दुसऱ्याने खोक्यांच्या पुठ्ठ्याचा विषय काढला. मी उठून आले.

तुझ्यावर राग का, ते आता सांगते. आठव, मी नऊ-दहा वर्षांची आहे. वाडीवर न्यायला टेम्पो पाड्यावर येतो तेव्हा नीट उजाडलेलंही नसतं. तू मला सोबत नेतेस, कारण घरी मला बघायला कोणी नाही. दिवसभर तू लांब बांबूच्या जाळीने चिकू काढतेस, वर बघून बघून तुझी मान आखडते, बोटांना चीक लागून ती काळी पडतात. पाच वाजता काम संपतं, म्हणजे रोजाचं काम संपतं. मग तुम्ही सगळ्या शेडमध्ये बसून मोठा, मधला, बारीक असा माल निवडता, अंधार पडेपर्यंत. त्याचे पैसे नाहीत. त्याच्याबदल्यात फुटके, दबलेले चिकू घरी न्यायचे. हा वाडीचा रिवाज, आणि तुम्ही तो मोठ्या आनंदाने पाळता. त्या हंगामात कितीतरी रात्री आपण नागलीच्या भाकरीबरोबर चिकू खाल्ले आहेत, आये. धाकटी डहाणू गावची मासेवाली टेम्पोजवळ टोपली घेऊन बसायची आणि तू सुकटीचा वास घेऊन पुढे जायचीस. लोक मला विचारतात, तुमच्याच शेडमधले चिकूचे काप तुम्ही का खात नाही? मी म्हणते, गोड चालत नाही.

अशाच एका संध्याकाळी मी शेठला म्हटलं होतं, "हे निवडायचे पैसे नाय देत का तुमी?" पोरीचा प्रश्न होता, त्यात आगाऊपणा नव्हता. त्याने काही म्हणायच्या आत तू उठलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. "देतात ता गपचूप घ्यावा," म्हणालीस. शेठ उलट तुलाच म्हणाला, मारू नको, लहान आहे. असा मोठेपणा त्याला फुकटात मिळाला. टेम्पोत तू माझा गाल चोळत होतीस आणि रडत होतीस, पण चुकलं असं म्हणाली नाहीस. मला आता कळतं की तुला उद्याची भीती होती. उद्या टेम्पोवाल्याने तुला चढू दिलं नसतं, तर परवा चूल पेटली नसती. कळतं, तरी राग जात नाही.

आणि तुझा तो शेवटचा ताप. आठ दिवस अंगावर काढलास. न गेलं की रोज बुडतो, म्हणून जातच राहिलीस. नवव्या दिवशी वाडीतच बसलीस ती उठली नाहीस. डहाणूच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी एकोणीस वर्षांची, काय सांगणार? चिकू काढत होती, म्हटलं. शेठने तेराव्याला तांदूळ पाठवले, चांगले, बारीक तांदूळ. जिवंतपणी असल्या तांदळाचा भात तुझ्या पानात कधी पडला नव्हता.

परवडत नाही, म्हणतात हे लोक. बोअरवेलला परवडतं, गाडीला परवडतं, पोरीच्या लग्नात घोलवडपासून डहाणूपर्यंत जेवणावळ घालायला परवडतं. बाईला पोटभर जेवता येईल, आजारी पडली तर चार दिवस घरी झोपता येईल, पोराची फी भरता येईल एवढा रोज मात्र परवडत नाही. अगं, ज्याला माणसाचं पोट भरेल एवढं देता येत नाही, त्याने माणूस कामाला ठेवूच नये, झाडावर स्वतः चढावं. आणि मनाला येईल तेव्हा साडी दिली, तांदूळ दिले, याला मी देणं म्हणत नाही. आधी शब्द द्यायचा, लिहून द्यायचा, आणि धंदा बरा असो की वाईट, पाळायचा. दलालाचं कमिशन कसं पाळतात? बँकेचा हप्ता कसा पाळतात?

हे सगळं मनात बडबडत मी शेडवर पोचले. माझ्याकडे पहिल्यापासून असलेली एक बाई आहे, माझ्याच वयाची. काप करता करता तिने विचारलं, "काय ठरला, ताई?" मी म्हटलं, गेल्या वर्षीचाच. "बरा," म्हणाली आणि खाली बघून पुढचा चिकू घेतला. आये, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेली अकरा वर्षं मी त्यांनी ठरवलेलाच रोज देत आले आहे. पावसात चिकू नासतो, काम बंद, तेव्हा चार महिने ही बाई काय खाते, मी एकदाही विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी वाळवायचं नवीन मशीन मात्र घेतलं होतं.

मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, महिन्याला तुला काय काय लागतं ते सांग. ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करते. मग सांगू लागली. तांदूळ, तेल, गॅस नाय परवडत तर लाकडा, सासूची गोळी, धाकट्या पोरीचं तलासरीला कॉलेजला जायचं टेम्पोभाडं. ते भाडं जमत नाही म्हणून दिवाळीनंतर तिला कॉलेजातून काढून उंबरगावला कंपनीत लावणार आहे, हे तिने तेलाचा भाव सांगावा तसं सांगितलं. स्वतःसाठी एकही गोष्ट सांगितली नाही. मी म्हटलं, आणि तुला? तर म्हणाली, "मना काय लागतंय?"

ते सगळं धरून मी रोज काढला. सातही जणींना तोच, पावसाळ्यात काम बंद असतानाही अर्धा, आजारपणाच्या सुट्ट्या भरपगारी, निवडायचं काम धरून पाचला सुट्टी. मोठ्या अक्षरांत लिहून, सही करून शेडच्या दारावर चिकटवला, म्हणजे उद्या माझी मती फिरली तरी मला तो फाडताना सगळ्या बघतील. वाडीवाले मला पुन्हा बोलावणार नाहीत. माल देतील की नाही, तेही माहीत नाही. भीती वाटते आहे.

तिच्या धाकटीला दारातला कागद वाचून दाखवायला बोलावलं. तिने वाचला. ही बाई नीट ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे पोरीचा कॉलेज चालूच ऱ्हायला," आणि चाकू धुवायला नळावर निघून गेली. तेवढंच. बरोबरच होतं तिचं, तिच्या हक्काचं तिला मिळालं होतं, त्यात अजून काय बोलायचं?

आणि आये, मी मात्र बराच वेळ तिथेच दारात उभी होते, ती परत येऊन आभार मानेल म्हणून.